यादीत नाव लागेपर्यंत

यंदाचा अंक ‘न परतलेल्यां’वर आहे, असं संपादकांनी कळवलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा अमेरिकेत स्थायिक झालेली मुलं असावीत. मला आठवल्या त्या सातारा जिल्ह्यातल्या पाट्या.

चावडीच्या, नाहीतर जुन्या शाळेच्या भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी. कडांवर ऑइलपेंटचे थर चढलेले. 1914 ते 1919 च्या महायुद्धात या गावातून किती माणसं गेली आणि त्यांतली किती मेली, एवढंच तिच्यावर कोरलेलं असतं. दोन आकडे, नाव एकही नाही. साताऱ्यात, कोल्हापुरात, रत्नागिरीतल्या आतल्या गावांत अशा पाट्या अजून आहेत. अपशिंग्यात ब्रिटिशांनी स्मारकच उभारलं, कारण त्या एकट्या गावातले 46 जण त्या युद्धात मारले गेले होते. ‘अपशिंगे मिलिटरी’ असंच आता त्या गावाला म्हणतात.

कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात मी थांबले, तिथे पाटीखालच्या कट्ट्यावर एक निवृत्त हवालदार बसले होते. मेलेल्यांमध्ये कोण कोण होतं, असं विचारल्यावर त्यांनी समोरच्या दोन घरांकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, “आमच्या भावकीतला एक होता म्हणतात. नाव न्हाई सांगता यायचं. बसऱ्याला गेला, एवढंच आजी म्हणायची. मेला का ऱ्हायला तिकडंच, ते कुनाला ठावं?”

पाटीने तर त्याला मेलेल्यांत मोजून टाकला असणार. पण तो मेला हे पाटी लावणाऱ्याला कुणी सांगितलं असेल? रणांगणावर पडलेल्याची खबर पलटणीकडून येते. शत्रूच्या हातात सापडलेल्याची खबर शत्रूने द्यावी लागते, आणि त्यासाठी शत्रूच्या बाजूला कुणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसलेलं असावं लागतं. या लेखासाठी फिरताना आणि वाचताना मी पुन्हापुन्हा त्याच माणसापाशी येऊन थांबत होते. त्याला शौर्यपदक मिळत नाही, त्याचा पुतळा नसतो. तो फक्त नाव लिहून घेतो, किंवा घेत नाही.

पुण्याची डिव्हिजन, कुतचा वेढा

बसऱ्याला, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेलेल्यांपैकी पुष्कळ जण ज्या फौजेत होते, तिचं नावच ‘सहावी (पूना) डिव्हिजन’ होतं. 1915 च्या हिवाळ्यात जनरल टाउनशेंड ही फौज घेऊन बगदादच्या दाराशी गेला, मार खाऊन मागे फिरला आणि तैग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत-अल-अमारा या गावात अडकला. तुर्कांनी 7 डिसेंबरपासून वेढा घातला. आत 103 वी, 110 वी आणि 117 वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. त्यांतली 103 वी म्हणजे पुढे जिला ‘जंगी पलटण’ म्हणून ओळखलं गेलं ती. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या तुकड्याही होत्या. तीन बाजूंना नदी, चौथीकडे खंदक, आणि पलीकडून येणारी सुटकेची फौज चिखलात रुतलेली.

वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नकार दिला. खाल्लं तर परत गावी गेल्यावर पोरीचं लग्न कुणाशी होणार, हा प्रश्न त्यांच्या लेखी गोळीपेक्षा मोठा होता. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवून त्या खंदकांतून वाचून दाखवल्या गेल्या, तरी कित्येक आठवडे फरक पडला नाही. भाजी नाही, मांस नाही, म्हणून हिरड्या सडण्याचा रोग हिंदी पलटणींमध्येच जास्त पसरला. विमानांतून पिठाची पोती टाकून पाहिली. काही नदीत पडली, काही तुर्कांकडे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रसद घेऊन निघालेली ‘जुलनार’ ही बोटही तुर्कांनी पकडली. 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13 हजार माणसं शरण गेली. त्यांत बहुसंख्य हिंदी होते: शिपाई, आणि त्यांच्याबरोबरचे भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले.

टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंट मिळालं. अर्धपोटी माणसांचे तांडे समारा, मोसुल करत पायी चालवले गेले. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐन इथे आणलं. बगदादला जाणारा जर्मन लोहमार्ग तेव्हा तिथवर आला होता आणि पुढचे रूळ टाकायला मजूर हवे होते. हगवण, टायफस, उन्हाळा. कोण कुठल्या मुक्कामाला मागे पडला याची नोंद ठेवणारं कुणी नव्हतं. अधिकाऱ्यांची नावं तारेने फिरली, त्यांची पत्रंही आली-गेली. शिपायांच्या बाबतीत मागे राहिलेल्यांबद्दल सोबत्यांनी जेवढं आठवून सांगितलं तेवढंच घरी पोचलं.

या कैदेबद्दल हिंदी माणसाच्या नजरेतून जे लिखाण उरलंय, ते मुख्यतः बंगालीत आहे. बंगाल अँब्युलन्स कोअरमधला शिशिर सर्वाधिकारी कैदेत टिपणं काढायचा. ती पानं फाडून, बुटात लपवून त्याने जगवली आणि कित्येक वर्षांनी त्यांचं पुस्तक झालं. कॅप्टन कल्याण मुखर्जी हा डॉक्टर रास-अल-ऐनलाच वारला. त्याची पत्रं त्याच्या आजीने पुस्तकात जपली. लिहिता हात असला की माणूस उरतो, हे कटू आहे पण खरं आहे. मराठा पलटणीतला शिपाई गडी बहुतेक वेळा अंगठा उठवणारा होता.

भिंतीवर कुणाचं नाव

युद्ध संपल्यावर ज्यांची कबर सापडली नाही त्यांच्यासाठी बसऱ्यात एक लांबलचक स्मारक बांधलं गेलं. 1929 मध्ये त्याचं अनावरण झालं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि दफन-दहनाचा ठाव नसलेल्या 40 हजारांहून जास्त जणांचं ते स्मारक. त्याच्या शिळांवर ब्रिटिश शिपायाचं नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचं नाव आहे. हिंदी शिपायांच्या पलटणीखाली मात्र ‘आणि आणखी इतके हिंदी शिपाई’ असा आकडा आहे. कोरेगावच्या पाटीवरचा हिशेब इथे संगमरवरातून दगडात गेला, इतकंच.

तेव्हाचं समर्थन असं की नावं छापील नोंदवहीत आहेतच. आहेत, हे खरं. आज कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी कुणालाही संगणकावर उघडता येतात आणि तिथे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा अशी पूर्ण ओळख कित्येकदा सापडते. म्हणजे लिहून घेणाऱ्याने आपलं काम केलं होतं. कोरणाऱ्याने केलं नाही. 2021 मध्ये कमिशनने स्वतःच नेमलेल्या समितीने हा भेदभाव लेखी मान्य केला: 45 ते 54 हजार जणांचं स्मरण असमान पद्धतीने झालं, आणि किमान 1 लाख 16 हजार जणांचं नावानिशी झालंच नाही किंवा अजिबात झालं नाही. ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. बसऱ्याचं ते स्मारक तोवर सद्दाम हुसेनच्या हुकमाने 1997 मध्ये उचलून वाळवंटात दूर नेऊन ठेवलेलं होतं.

खडकीची युद्धस्मशानभूमी पुणेकरांनी मुंबई रस्त्यावरून जाताना फाटकापुरती पाहिलेली असते. आत गेलं की कापलेलं हिरवळीचं मैदान आणि एकसारख्या शिळांच्या रांगा. दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 कबरी इथे आहेत, पश्चिम आणि मध्य भारतातल्या ठिकठिकाणांहून आणून एकत्र केलेल्या. प्रत्येक शिळेवर नाव, पलटण, वय. बऱ्याच ठिकाणी तळाशी घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ. वीस-बावीस वर्षांची पोरं. माळी पाइप घेऊन फिरत होता. मी त्या ओळींमधून चालत असताना राग येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. असंच करायला हवं, एवढंच वाटलं. याच खडकीतून कुतला गेलेल्या सॅपर्ससाठीही.

कार्ड

1949 च्या तिसऱ्या जिनीव्हा कराराबद्दल आपण बातम्यांमध्ये ऐकतो ते छळाच्या संदर्भात. त्यातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी कलमं कारकुनी आहेत. कैद्याने सांगायचं ते चारच गोष्टींत: नाव, हुद्दा, जन्मतारीख, सैनिकी क्रमांक. छावणीत पोचल्यापासून आठवडाभरात त्याला एक कार्ड भरू द्यायचं. एक प्रत घरी, एक जिनीव्हातल्या रेडक्रॉसच्या मध्यवर्ती कचेरीत. पकडणाऱ्या देशाने माहिती कचेरी उघडायची. रेडक्रॉसच्या प्रतिनिधीला कैद्यांना एकांतात भेटू द्यायचं. लढाई थांबली की विनाविलंब सोडायचं.

ते कार्ड निघालं की माणूस ‘कैदी’ होतो. त्याच्या जिवाची जबाबदारी नावानिशी एका सरकारवर येते. धोका असतो तो कार्डाच्या आधीच्या दिवसांत. विमान शेतात कोसळतं, वैमानिक पॅराशूटने उतरतो, गावकऱ्यांच्या हाती लागतो, मग जवळच्या तुकडीच्या, मग चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या. या साखळीत कुठेही तो नाहीसा होऊ शकतो.

ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकरांची गोष्ट आपल्याकडे धाडसकथा म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. 1971 च्या युद्धात त्यांचं सुखोई पाडलं गेलं, ते रावळपिंडीच्या छावणीत बंदी होते. ऑगस्ट 1972 मध्ये मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोघांसह त्यांनी भिंतीला भोक पाडलं, पेशावर गाठलं आणि अफगाण सरहद्दीपासून अवघ्या चार मैलांवरच्या लंडी कोतलला पोचले. तिथे त्यांनी लंडी खानाची वाट विचारली. नकाशावर स्टेशन होतं. प्रत्यक्षात ते इंग्रजांच्या काळातच बंद पडलेलं. ऐकणाऱ्याला संशय आला.

मला यातला पुढचा भाग जास्त विचार करायला लावतो. टोळीवाल्यांच्या मुलखात, बनावट नावं सांगणारे तीन अनोळखी तरुण. हेर म्हणून गोळी घातली असती तर विचारणारं कोण होतं? परुळकरांनी तहसीलदाराला पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या एडीसीला फोन लावायला लावला. हा एडीसी, उस्मान हमीद, पूर्वी त्यांच्या छावणीचा प्रमुख होता. पलीकडच्या माणसाने नावं ओळखली, आपलेच कैदी आहेत, सांभाळून ठेवा असं सांगितलं, आणि तिघे वाचले. पळून जाताना जी ओळख लपवली, पकडल्यावर तीच त्यांनी पुढे केली. वर्षअखेरीस सहाशेहून अधिक भारतीय कैद्यांबरोबर ते वाघ्याहून परतले. परुळकर पुढे पुण्यात राहिले.

चोपन्न

त्याच युद्धातले, ज्यांचं कार्ड निघालं नाही, ते चोपन्न जण. 30 लष्कराचे, 24 हवाई दलाचे. 1979 मध्ये लोकसभेत पहिली यादी ठेवली गेली तेव्हा त्यात चाळीस नावं होती. पुढे ती वाढली.

कुतच्या शिपायांचं मरण मोजलं गेलं आणि नावं राहून गेली. इथे उलटं झालं. नाव, हुद्दा, पलटण, विमानाचा प्रकार, सगळं ठाऊक. माणूस तेवढा कुणाच्याच ताब्यात नाही.

पुरावे आहेत, आणि ते चमत्कारिक आहेत. 27 डिसेंबर 1971 च्या ‘टाइम’ साप्ताहिकात गजाआड उभ्या असलेल्या एका भारतीय कैद्याचा फोटो आला. घरच्यांनी त्यात मेजर ए. के. घोष यांना ओळखलं. ‘संडे पाकिस्तान ऑब्झर्व्हर’ने 5 डिसेंबरला पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी दिली आणि त्यात एक नाव होतं, फ्लाइट लेफ्टनंट टॉम्बे. भारतीय हवाई दलात या नावाचं कुणी नव्हतं. विजय वसंत तांबे होते, सुखोईचे वैमानिक, पश्चिम पाकिस्तानात शोरकोटच्या विमानतळावर हल्ला करताना पडलेले. उर्दू किंवा इंग्रजी कानांनी तांबेचं टॉम्बे केलं असणार हे कुठल्याही मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मेजर अशोक सुरींचं प्रकरण तर सरकारलाही नाकारता आलं नाही. ते मारले गेल्याचं घरी कळवलेलं होतं. डिसेंबर 1974 मध्ये वडिलांच्या हाती मुलाच्या अक्षरातली चिठ्ठी पडली: मी इथे ठीक आहे. 1975 च्या मध्यावर कराचीहून दुसरं पत्र आलं. इथे आम्ही वीस अधिकारी आहोत, सरकारने पाकिस्तान सरकारशी बोलावं, असा त्याचा आशय. हस्ताक्षराची तपासणी झाली, ते त्यांचंच ठरलं, आणि संरक्षण खात्याने ‘युद्धात मृत्यू’ खोडून ‘बेपत्ता’ केलं.

आता तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. भारताच्या ताब्यात सुमारे 93 हजार पाकिस्तानी सैनिक आणि नागरिक होते. 1973 च्या दिल्ली करारानंतर त्यांना पाठवायला सुरुवात झाली आणि एप्रिल 1974 मध्ये शेवटची गाडी गेली. सुरींची पहिली चिठ्ठी त्यानंतर आठ महिन्यांनी आली. मोबदल्यात मागायला हाती काही उरलेलं नव्हतं. घाई झाली असा आरोप नातेवाईक अजून करतात. मला तो निराधार वाटत नाही, पण 93 हजार माणसांना अडकवून ठेवणंही जिनीव्हा कराराच्या विरुद्धच होतं, हेही सांगायला हवं. दोष असेल तर तो सोडण्यात नव्हता. सोडण्याआधी आपल्या प्रत्येक बेपत्त्याच्या नावापुढे उत्तर मागून घेतलं नाही, त्यात होता.

पाकिस्तानची भूमिका आजतागायत एकच: आमच्याकडे एकही भारतीय युद्धकैदी नाही. 1983 मध्ये काही नातेवाइकांना मुलतानच्या तुरुंगात नेलं गेलं. 2007 मध्ये चौदा जण दहा तुरुंग फिरून आले. हाती काही लागलं नाही. गुजरात उच्च न्यायालयाने 2011 मध्ये केंद्राला आंतरराष्ट्रीय न्यायालयात जायला सांगितलं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. सिमला करारानुसार दोन देशांतले प्रश्न दोघांनीच सोडवायचे, ही आपली जाहीर भूमिका तिथे आडवी येते.

ते चोपन्न जण आज जिवंत असतील असं मला वाटत नाही. पण हा प्रश्न आता जिवंत माणूस आणण्याचा राहिलेला नाही, असं म्हणून तो संपत नाही. कुठे नेलं, कधीपर्यंत जगला, कुठे पुरला, हे तीन रकाने रिकामे आहेत आणि ते भरू शकणारे कागद कुठल्यातरी दप्तरात असणार.

घरातला हिशेब

दमयंती तांबे बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या. एकदा नव्हे, तीनदा. 1970 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळालेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि पुढच्या डिसेंबरात विजय तांबे परतले नाहीत. त्यांनी रॅकेट ठेवली, पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या क्रीडा विभागात नोकरी केली, आणि उरलेला वेळ मंत्रालयांच्या दारात घालवला. पुन्हा लग्न केलं नाही. नातेवाइकांच्या संघटनेतून अर्ज, स्मरणपत्रं, शिष्टमंडळं, नव्या मंत्र्याला जुनी फाइल पहिल्यापासून समजावणं, असं चाळीसहून जास्त वर्षं चाललं. बायकांनी, बापांनी, भावांनी केलेलं हे काम शेवटी तेच होतं: एक नाव एका यादीत लावून घेणं.

बेपत्त्याच्या घरात प्रत्येक गोष्टीला दोन पंचांगं लागतात. कायदा सात वर्षं मोजतो. इतका काळ ज्याची काहीच खबर नाही तो मेला असं धरता येतं. धर्मशास्त्र बारा वर्षं थांबतं, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. पालाशविधी म्हणतात त्याला. तोवर श्राद्ध नाही, सर्वपित्रीला त्याच्या नावाचं पान नाही. पेन्शन, विमा, जमिनीवरची वारसनोंद हे सगळं मृत्यूच्या कागदावर चालतं. म्हणजे पैसे हवे असतील तर बायकोने सही करून म्हणायचं की तो गेला, आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीला अर्ज पाठवायचा की तो जिवंत आहे, त्याला शोधा. दोन्ही अर्ज एकाच हातचे. यात खोटेपणा पाहणाऱ्या माणसाने कधी घर चालवलेलं नसावं.

आणि समारंभात या बाईला कुठे बसवायचं? वीरपत्नींच्या रांगेत बसवलं तर तिने मरण मान्य केलं असं होतं. शहिदाच्या फोटोला हार घालता येतो, भाषण करता येतं, चौकाला नाव देता येतं. बेपत्त्याबद्दल बोलायला उभं राहिलं की पहिल्याच वाक्यात सरकारला प्रश्न विचारावा लागतो. म्हणून आपण बोलत नाही, असा माझा समज झाला आहे.

अमेरिकेतही बेपत्त्यांबद्दल बोलणं आपोआप सुरू झालं नाही. व्हिएतनाममध्ये बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या बायकांनीच संघटना काढली, त्यांच्यातल्या मेरी हॉफ या बाईच्या हट्टाने युद्धकैद्यांचा आणि बेपत्त्यांचा काळा-पांढरा झेंडा तयार झाला आणि आज तो सरकारी इमारतींवर फडकतो. पण झेंड्यापेक्षा पुढचं महत्त्वाचं. बेपत्त्यांचा शोध हे तिथल्या संरक्षण खात्याचं कायमचं काम आहे, त्याला स्वतंत्र संस्था आणि पैसा आहे. दुसऱ्या महायुद्धात चीनकडे रसद नेताना कोसळलेल्या विमानांतले अवशेष शोधायला त्यांची पथकं आपल्या अरुणाचलच्या डोंगरांत येतात, माती चाळतात, आणि 2016 मध्ये त्यांनी तिथले काही अवशेष समारंभपूर्वक मायदेशी नेलेही.

1 जानेवारी, 1 जुलै

भारत आणि पाकिस्तान दरवर्षी या दोन तारखांना एकमेकांना याद्या देतात. 2008 च्या कराराने तसं ठरलं आहे आणि संबंध कितीही बिघडले तरी हा व्यवहार सहसा चुकत नाही. याद्या असतात परस्परांच्या तुरुंगांतल्या नागरी कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारे पालघर जिल्ह्यातले आदिवासी तरुणही त्यात असतात. डहाणू-तलासरीकडच्या घरांना या तारखा ठाऊक असतात, कारण यादीत नाव आलं की निदान माणूस कुठे आहे ते कळतं, वकील भेटतो, राष्ट्रीयत्वाची खातरजमा सुरू होते, आणि कधी ना कधी वाघ्याचं फाटक उघडतं.

त्या दिवशी परराष्ट्र मंत्रालय एक छोटं निवेदनही काढतं. नागरी कैदी, बोटींसह मच्छीमार आणि बेपत्ता भारतीय सैनिक यांना लवकर सोडावं, अशी मागणी त्यात असते. पहिल्या दोन गटांची नावं समोरून येतात. तिसऱ्या गटाची यादी भारताने पाठवलेली असते, आणि ती पाकिस्तानने अजून स्वीकारलेली नाही.